स्थानिक संस्थांचे एकत्रीकरण व कास्तकाराचे हित

जांब हे गाव श्रीसमर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. समर्थांचा जन्म १६०८ सालचा. त्यांचे वडील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घराण्याकडे गावचे कुलकर्णीपद होते, असे परंपरा सांगते. म्हणजे कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, याचा हिशेब ज्या दप्तरात लिहिला जाई ते दप्तर त्या काळी गावातच असे, आणि ते लिहिणारा मनुष्यही गावकऱ्यांच्या रोजच्या नजरेसमोर असे. त्यानंतर चारशे वर्षे लोटली. गाव जागचे हलले नाही. परंतु ज्या कचेरीत त्याचा कारभार चालतो ती मात्र अनेकदा बदलली.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. त्या व्यवस्थेत जांब हे औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे गाव झाले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९८१ रोजी जालना हा निराळा जिल्हा झाला. आणि पुढे अंबडातून घनसावंगी तालुका वेगळा निघाला. एकाच घरातील आजोबांची जिल्ह्याची खेप औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास होई. नातवाची खेप जालन्यास होते, आणि तालुक्याचे काम त्यास अंबडाऐवजी घनसावंगीस मिळते. हे सर्व बदल गाव व कचेरी यांतील अंतर कमी करणारे होते, म्हणून ते लोकांस आवडले.

परंतु कारभाराच्या इतिहासात याच्या उलट दिशेनेही एक ओढ सतत चालू असते. लहान लहान संस्था मोडून त्यांची एक मोठी संस्था करावी, म्हणजे खर्च वाचेल, जाणते अधिकारी नेमता येतील आणि कामे चोख होतील, असा हा विचार आहे. तो आपल्या देशातच आहे असे नाही. इंग्लंड, डेन्मार्क, जपान या देशांत तो मोठ्या प्रमाणावर अमलात आला आहे. आपल्याकडे गटग्रामपंचायती, गावांच्या नगरपंचायती आणि शहरालगतच्या खेड्यांचा महानगरपालिकेत समावेश ही त्याचीच रूपे होत. असा प्रसंग आपल्या गावावर आला तर कास्तकाराने काय पाहावे, काय विचारावे व काय लिहून घ्यावे, हे समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे एकत्रीकरण

एकत्रीकरणाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या राज्यात १९६२ साली झाला, आणि त्याची फळे आपण आजही चाखीत आहो. हल्लीच्या पिढीस जिल्हा परिषद ही जणू अनादि काळापासून चालत आलेली संस्था वाटते. वस्तुतः ती अनेक जुन्या संस्थांच्या विसर्जनातून उभी राहिली आहे.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला व तालुका लोकल बोर्ड आणि जिल्हा लोकल बोर्ड अशा दोन पायऱ्या निर्माण झाल्या. पुढे १९२३ साली नवा कायदा आला. आणि १९३८ साली तालुका लोकल बोर्डे मोडून टाकण्यात आली. विदर्भात १९४८ च्या कायद्यान्वये जनपद सभा होत्या. मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या १९५५ च्या कायद्याने जिल्हा मंडळे होती. याप्रमाणे महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी त्याच्या तीन विभागांत तीन तऱ्हेचा स्थानिक कारभार चालू होता. त्यातच मुंबईकडील भागात प्राथमिक शिक्षणाची जिल्हा शाळा मंडळे निराळी होती. रस्ता एकाचा, शाळा दुसऱ्याची, विकासाचे काम तिसऱ्याचे, अशी स्थिती असल्यामुळे गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे हाच रयतेस प्रश्न पडे.

यापूर्वी १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने सर्व देशासाठी अशी शिफारस केली होती की, विकासगटाच्या पातळीवरील समिती ही मुख्य संस्था असावी व जिल्ह्याच्या संस्थेने केवळ सल्ला द्यावा व देखरेख करावी. महाराष्ट्राने मात्र वेगळा मार्ग धरला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६० साली त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने १९६१ च्या मार्च महिन्यात २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्यांतील मुख्य म्हणणे असे की, खरी सत्ता जिल्ह्याच्या संस्थेस द्यावी. कारण इंजिनियर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी असे जाणते नोकर ठेवण्याची ऐपत जिल्ह्यासच असते, तालुक्यास नसते. त्याप्रमाणे १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हा लोकल बोर्डे, जनपद सभा, जिल्हा मंडळे व शाळा मंडळे ही सर्व तिच्यात विलीन झाली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३८ साली मुंबई इलाख्यात तालुक्याची पायरी अनावश्यक म्हणून मोडली होती. १९६२ साली जिल्हा मोठा व समर्थ करताना हीच तालुक्याची पायरी पंचायत समितीच्या रूपाने पुन्हा बांधावी लागली. जिल्ह्याच्या ठाण्यावरून प्रत्येक शिवाराकडे पाहता येत नाही, हे मोठ्या संस्थेच्या पुरस्कर्त्यांनीही मान्य केले. पायरी मोडणे सोपे असते. परंतु तिची गरज मोडत नाही. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या व सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. १९९३ च्या २४ एप्रिलपासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या तिन्ही पायऱ्यांस राज्यघटनेचे अधिष्ठान मिळाले आहे.

२. या एकत्रीकरणाने काय मिळाले, काय गेले

मिळाले ते प्रथम सांगणे न्यायाचे होईल. खेड्याखेड्यांतून प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गुरांचे दवाखाने, जोडरस्ते व पिण्याच्या पाण्याच्या योजना उभ्या राहिल्या, त्यांत जिल्हा परिषदेचा वाटा फार मोठा आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव व बंधारे ही तिच्याच कक्षेतील कामे होत. एखाद्या एकट्या गावास पाझर तलावाचा आराखडा करणारा इंजिनियर पदरी ठेवणे कधीच परवडले नसते. गरीब भागाकडे जिल्ह्याचा पैसा वळविणे हेही मोठ्या संस्थेसच साधते. कारण लहान संस्थेजवळ वाटण्यास काहीच नसते.

आता गेले ते पाहू. पहिली गोष्ट अशी की, मधली पायरी नावापुरती राहिली. पंचायत समितीस स्वतःचे म्हणावे असे कर बसविण्याचे सामर्थ्य नाही. तिचे अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाशी बांधलेले असते. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात केंद्राचा निधी केवळ ग्रामपंचायतींस दिला. पंधराव्या आयोगाच्या वेळी तिन्ही पायऱ्यांस वाटा मिळाला, परंतु आपल्या राज्यात त्यातील मोठा हिस्सा ग्रामपंचायतींकडेच राहिला. म्हणजे यंत्रसामग्री व जाणते नोकर जिल्ह्यास, निधी बहुतांशी गावास, आणि तालुक्याकडे येरझाऱ्या, अशी विभागणी झाली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सर्व अधिकार एका संस्थेत गोळा झाले की, ती संस्था बंद पडली असता सर्वच बंद पडते. राज्यातील बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूक न होता त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रशासक सरकारी नोकर. तो चांगला असू शकेल, परंतु त्यास गावोगावच्या मतदारांपुढे उभे राहावयाचे नसते. अशा काळात ज्या गावाची पंचायत जिवंत होती त्या गावास निदान आपले गाऱ्हाणे ठरावाच्या रूपाने लिहून पाठविण्याचे साधन होते. अनेक संस्थांची एकच संस्था करण्यापूर्वी या धोक्याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

३. प्रतिनिधित्वाचा हिशेब

एकत्रीकरणाची चर्चा बहुधा खर्चाच्या आकड्यांवर होते. कास्तकाराने दुसराही एक हिशेब मांडून पाहावा. तो कायद्यातच आहे.

ग्रामपंचायतीतील सभासदांची संख्या लोकसंख्येवरून ठरते. १५०० पर्यंत वस्ती असल्यास ७ सभासद. ३००० पर्यंत ९. ४५०० पर्यंत ११. ६००० पर्यंत १३. ७५०० पर्यंत १५. आणि त्यापुढे वस्ती कितीही असली तरी १७. आता प्रत्येकी १४०० वस्तीची तीन गावे आहेत असे धरा. ती निराळी असताना प्रत्येकीस ७ याप्रमाणे एकूण २१ सभासद होतात. म्हणजे दर २०० माणसांमागे एक. तीच तीन गावे एकत्र केली तर वस्ती ४२०० व सभासद ११. म्हणजे सुमारे ३८२ माणसांमागे एक. माणसे तितकीच, शिवार तितकेच, परंतु बोलणारी तोंडे जवळजवळ निम्मी झाली.

तीन गावे सारखी असतील तर निदान तोटा सारखा वाटला जातो. परंतु ३००० वस्तीचे एक गाव आणि ४०० वस्तीची एक वाडी अशी जोडी असेल तर ३४०० वस्तीस ११ सभासद मिळतील व वस्तीच्या प्रमाणाने वाडीच्या वाट्यास एक, फार तर दोन जागा येतील. शिवाय २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांतून निवडला जाऊ लागला आहे. थेट निवडणुकीत मोठ्या गावची मते ज्याच्या मागे तोच सरपंच होणार, हे सांगावयास नको. वाडीचा मनुष्य कितीही लायक असला तरी त्याची वाट कठीण होते.

ग्रामसभेच्या बाबतीत हाच प्रकार निराळ्या रीतीने घडतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या शेकडा १५ किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. ५०० मतदारांच्या लहान गावात ७५ माणसे जमल्याखेरीज सभा भरत नाही. म्हणजे दर सात मतदारांतून एकास तरी यावे लागते. तेच गाव ३००० मतदारांच्या मोठ्या पंचायतीत गेले की १०० माणसांत सभा कायदेशीर होते. म्हणजे तिसातून एक. सभा ठाण्याच्या गावी भरली तर ती शंभर माणसे त्याच गावची असण्याचा संभव अधिक. दूरच्या वाडीच्या पाणंद रस्त्याचा किंवा विहिरीचा निर्णय वाडीतील एकही मनुष्य हजर नसता होऊ शकतो, आणि त्यात कायद्याचा भंग झाला असे कोणास म्हणताही येणार नाही.

यावरून लहान पंचायत तेवढी चांगली, असे मात्र कोणी समजू नये. अगदी लहान पंचायतीची घरपट्टी व पाणीपट्टी मिळून नळयोजनेच्या पंपाचे वीजबिलही भागत नाही, हे आपण पाहतो. एकच ग्रामसेवक दोनतीन गावे सांभाळीत असेल तर तो कोणत्याच गावास पुरता पडत नाही. लहान गावात भाऊबंदकी व गटबाजी यांनी पंचायत वर्षानुवर्षे अडकून पडते, तेव्हा मोठ्या संस्थेतील परका मनुष्यच निःपक्षपाती वाटतो. म्हणून लहान की मोठी हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. कोणते काम किती अंतरावरून नीट होते, असे विचारले पाहिजे.

४. कालवा व चारी

हे तत्त्व आपल्या भागातील पाण्याच्या व्यवस्थेवरून चांगले समजते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून तो जालना जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जातो. हा कालवा प्रत्येक गावाने आपल्या हद्दीपुरता निराळा खणला असता व निराळा सांभाळला असता, तर वरच्या गावाने पाणी अडविले असते आणि खालच्या गावास कोरडा चर मिळाला असता. मुख्य कालव्यास एकच धनी पाहिजे. तेथे अनेकांचा कारभार म्हणजे भांडण होय.

परंतु कालव्यातून चारीत पाणी आले की प्रश्न बदलतो. आज पाळी कोणाची, कोणाचा ऊस वाळतो आहे, कोणी रात्री दार उघडून पाणी फिरविले, हे पैठणच्या कचेरीतून दिसत नाही. ते चारीवरच्या कास्तकारासच दिसते. म्हणून २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा झाला व पाणीवापर संस्थांस मोजून पाणी घेण्याचा व आपल्या क्षेत्रात ते वाटण्याचा अधिकार मिळाला. कालवा एकाचा आणि चारी लाभधारकांची, अशी ही वाटणी आहे. ज्या ठिकाणी संस्था चालविणारी माणसे जागी आहेत तेथे तिचा उपयोग होतो. जेथे ती झोपली आहेत तेथे कायदा असूनही शेवटच्या कास्तकारापर्यंत पाणी पोहोचत नाही.

स्थानिक कारभाराचीही अशीच वाटणी करता येते. अनेक गावांची मिळून नळयोजना, आरोग्य केंद्र, मोठे रस्ते व पूल, हिशेबतपासणी, इंजिनियरची नेमणूक ही कालव्याच्या जातीची कामे होत. ती मोठ्या संस्थेने करावी. पाणंद रस्ता, गावविहीर, दिवाबत्ती, गायरानाची देखरेख, घरपट्टीची आकारणी, शाळेत मास्तर वेळेवर येतात की नाही याची चौकशी ही चारीच्या जातीची कामे होत. ती गावाच्या नजरेखालीच राहिली पाहिजेत. जे एकत्रीकरण कालवा मोठा करते व चारी गावाच्या हाती ठेवते त्यास विरोध करण्याचे कारण नाही. जे चारीचे दारही उचलून दूरच्या कचेरीत नेते त्यास संमती देऊ नये.

५. इतरत्र काय झाले

इंग्लंडात १ एप्रिल २०२३ रोजी काही परगण्यांत जिल्हा व परगणा अशा दोन पायऱ्या मोडून एकस्तरीय कौन्सिले करण्यात आली. त्यांतील नॉर्थ यॉर्कशायर येथे परगण्याचे एक व जिल्ह्यांची सात अशी आठ कौन्सिले जाऊन एकच राहिले. त्याचे क्षेत्र सुमारे आठ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या जालना जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे सात हजार सातशे चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढेच. मात्र तेथील वस्ती सहा लाखांच्या आसपास आहे आणि जालना जिल्ह्याची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत १९ लाख ५९ हजार होती. आपल्या तिप्पट माणसांचा कारभार एकाच कचेरीतून कसा हाकावा, हे तेथील उदाहरण देणाऱ्यांनी प्रथम सांगितले पाहिजे. शिवाय तेथेही सर्व पायऱ्या मोडल्या असे नाही. गावागावांची पॅरिश कौन्सिले, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींची चुलतभावंडे, कायम राहिली.

डेन्मार्क देशाने २००७ साली २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. जपानात १९९९ साली ३२३२ असलेली शहर-खेड्यांची संख्या २०१० पर्यंत १७२७ वर आली. जपानातील खेड्यांची वस्ती घटत व वृद्ध होत होती, आणि एकत्र येणाऱ्या संस्थांस सरकारने पैशाची सवलत दिली होती. म्हणजे तेथील कारणे तेथील होती. आपल्याकडे तशी कारणे आहेत की नाहीत, हे पाहिल्यावाचून आकडे उचलून आणणे म्हणजे कोकणातील भाताचे बियाणे मराठवाड्याच्या कोरडवाहू काळ्या रानात पेरण्यासारखे आहे.

अधिक जवळचा धडा केरळाचा आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, तर केरळात ९४१. तेथील एका पंचायतीत आपल्याकडील कित्येक गावे मावतील. म्हणून तिला चांगली कचेरी, पुरेसे नोकर व भरपूर निधी परवडतो. परंतु केरळाने त्याबरोबर एक शहाणपणाची गोष्ट केली. तेथे ग्रामसभा सबंध पंचायतीची न भरता प्रत्येक प्रभागाची निराळी भरते. पंचायत मोठी झाली तरी माणसाने उठून बोलण्याची जागा लहानच ठेवली. आपल्याकडे कोणी मोठ्या पंचायतीचा प्रस्ताव आणील तर त्यास हे उदाहरण अवश्य दाखवावे.

६. घाईच्या एकत्रीकरणाचा अनुभव

एकत्रीकरण करून पुन्हा मोडावे लागल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. पुण्याजवळील उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे २०१७ च्या ऑक्टोबरात अन्य नऊ गावांसह पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. पुढे तेथील लोकांची तक्रार अशी झाली की, मालमत्ता कर शहराचा द्यावा लागतो, पण सोयी शहराच्या मिळत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात ती गावे वगळण्याचा निर्णय झाला व २०२४ साली त्यांची निराळी नगरपरिषद करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली आणि २०१५ साली पुन्हा आत गेली. दर वेळी करआकारणी, बांधकामाच्या परवानग्या, नोकरांच्या नेमणुका व दप्तरे यांची उलथापालथ झाली, आणि तिचा ताप गावकऱ्यांनी सोसला.

आपल्या तालुक्यातही बदल झाला आहे. घनसावंगी व तीर्थपुरी येथे आता नगरपंचायती आहेत आणि जालना नगरपरिषदेची २०२३ साली महानगरपालिका झाली. वाढत्या गावास नगराचा कारभार मिळणे यात वावगे काही नाही. तथापि नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते, ही गोष्ट कास्तकाराने विसरू नये. नगरपंचायतीस १७ नगरसेवक असतात. परंतु वर्षातून चार वेळा सर्व मतदारांनी समोरासमोर बसून हिशेब मागावा, अशी जी जागा ग्रामपंचायतीच्या कायद्याने दिली आहे ती तेथे नाही. गावाच्या हद्दीत शेतजमीन बरीच असेल आणि बहुसंख्य लोक शेतीवर जगत असतील, तर हा तोटा लहान नव्हे. ग्रामीण भागासाठीच असलेल्या योजनांचा मार्गही अशा गावास बदलावा लागतो.

७. संमती देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील चौथ्या कलमान्वये गावाच्या क्षेत्रात फेरफार करताना संबंधित पंचायतीचा विचार घ्यावा लागतो. हा विचार घेण्याचा प्रसंग केवळ सह्यांपुरता होऊ देऊ नये. आमच्या मते खालील सहा प्रश्न ग्रामसभेत मोठ्याने वाचून त्यांची उत्तरे ठरावाच्या पुस्तकात लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न कर्जाचा व मालमत्तेचा. एकत्र येणाऱ्या प्रत्येक पंचायतीची शिल्लक किती, पाणीयोजनेची थकबाकी किती, वीजबिल किती तुंबले आहे? काटकसरीने चाललेल्या गावाच्या शिल्लकेतून दुसऱ्याचे देणे फिटणार असेल, तर ते आधी उघड झाले पाहिजे.

दुसरा प्रश्न कराचा. घरपट्टी व पाणीपट्टीचे दर किती वर्षांत आणि कोणत्या टप्प्यांनी सारखे होणार? शेतातील आखाडा, गुरांचा गोठा, कांदाचाळ यांवर आकारणी कशी होणार?

तिसरा प्रश्न जागांचा. प्रभाग आखताना वाडी व तांडा अखंड राहणार, की त्यांचे तुकडे मोठ्या गावच्या प्रभागांस जोडले जाणार?

चौथा प्रश्न सभेच्या ठिकाणाचा. ग्रामसभा पाळीपाळीने प्रत्येक गावी भरते की नाही, आणि एखाद्या वाडीच्या कामाचा निर्णय त्या वाडीत सभा घेतल्यावाचून होणार नाही, असा ठराव करण्यास सर्व तयार आहेत की नाहीत?

पाचवा प्रश्न दप्तराचा. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरांचे उतारे, करपावत्या, ठरावाची पुस्तके कोठे राहणार? ठाण्याच्या गावी राहणार असतील, तर ग्रामसेवक आठवड्यातून कोणत्या वारी आपल्या गावी बसणार? संगणकावर दाखला मिळतो हे खरे. परंतु नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी अजूनही माणसासच गाठावे लागते.

सहावा प्रश्न परतीच्या वाटेचा. तीन किंवा पाच वर्षांनी अनुभव पाहून फेरविचार होणार आहे काय? आणि तो कोणत्या मापाने? कोणकोणती कामे किती दिवसांत झाली म्हणजे एकत्रीकरण सफल समजावयाचे, हे आधीच लिहिलेले नसेल तर पुढे प्रत्येक जण आपल्या सोयीचे माप काढील.

या सहा प्रश्नांस समाधानकारक उत्तरे मिळत असतील, तर केवळ गावाच्या अभिमानापोटी विरोध करणे हिताचे नव्हे. शेजारच्या चार गावांनी मिळून एक चांगला इंजिनियर, एक चालणारी नळयोजना व एक नीट लिहिलेले हिशेबाचे पुस्तक मिळविले तर त्यात सर्वांचाच लाभ आहे. उत्तरे टाळली जात असतील, तर तो नकाराचा पुरेसा आधार समजावा.

८. समारोप

आपण १९६२ च्या प्रयोगावरून शिकलो ते असे : मोठ्या संस्थेस बळ असते, परंतु तिची नजर दूरवर पोहोचत नाही; लहान संस्थेस नजर असते, परंतु तिच्या हातात बळ नसते. शहाणा कारभार तोच, जो बळ वर ठेवतो, नजर खाली ठेवतो आणि दोहोंना जोडणारी पायरी मोडू देत नाही.

मात्र खालची नजर जागी असली पाहिजे. ग्रामसभेस न जाणाऱ्या गावाची पंचायत निराळी असली काय आणि दुसऱ्यात मिसळली काय, फरक फारसा पडत नाही. कारण त्याचा आवाज कोणी काढून घेण्यापूर्वी त्यानेच तो सोडून दिलेला असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे नेहमीचे दिवस. १ मे रोजी उन्हाळी नांगरट उरकत आलेली असते. १५ ऑगस्टला कपाशी व सोयाबीन उभे असते. २ ऑक्टोबरला काढणीची घाई असते. शेतीच्या कामातून या चार सकाळी काढणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. तरी त्या काढाव्यात. घरातील स्त्रियांसही बरोबर न्यावे. कारण २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत, आणि पाण्याच्या प्रश्नाची खरी माहिती त्यांच्यापाशीच असते.

येत्या ग्रामसभेस जाताना वाचकांनी दोनच गोष्टी करून पाहाव्यात. आपल्या पंचायतीची लोकसंख्या, मतदारसंख्या व सभासदसंख्या एका कागदावर लिहून वर दिलेला हिशेब मांडावा. आणि मागील वर्षी झालेल्या कामांपुढे, ते काम कालव्याच्या जातीचे की चारीच्या जातीचे, अशी खूण करावी. हा कागद तयार असेल तर पुढे कोणताही प्रस्ताव आला तरी गाव गोंधळणार नाही. आणि प्रस्ताव न आला तरी चालू कारभारात कोणते दार कोणाच्या हाती आहे, एवढे तरी निश्चित कळेल.